आग्रह धरा, पण कुणाकडे?

मराठी शुद्धलेखनाच्या सर्व आग्रही मंडळींस,



आपण मला ओळखत नाही. पण आपल्या हाती जे छापील मराठी येते, त्यातला थोडाफार भाग माझ्या नजरेखालून गेलेला असतो. मी मुद्रितशोधक आहे. पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून लग्नपत्रिकाही. वेलांटी पहिली की दुसरी, अनुस्वार हवा की नको, स्वल्पविराम कुठे पडायला हवा, हे पाहण्याचे मला पैसे मिळतात. तेव्हा हे पत्र शुद्धलेखनाला वैतागलेल्या माणसाने लिहिलेले नाही, एवढे आधीच सांगते. 'भावना पोचल्या म्हणजे झाले, व्याकरण कशाला हवे' असे म्हणणारे मलाही पटत नाहीत. त्यांना द्यायचे उत्तर या पत्रात पुढे आहेच. पण माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आपण माझ्या बाजूचे आहात, आणि आपल्या वागण्यामुळे आपलीच बाजू दिवसेंदिवस हरत चालली आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रमाणलेखन ही लिहिणाऱ्याने वाचणाऱ्यासाठी घ्यायची जबाबदारी आहे. ज्याच्या हाती अधिकार आहे, ज्याला लिहिण्याचा पगार मिळतो, त्याच्यावर ती सर्वांत जास्त आहे. आपण मात्र ती नेमकी उलट्या टोकाकडून वसूल करता. आता तपशिलाने सांगते.

पहिली तक्रार अशी, की आपण मजकुराआधी वेलांटी वाचता. कुणाच्या वडिलांच्या निधनाची बातमी नातेवाइकांच्या गटावर येते आणि खाली 'भावपुर्ण श्रध्दांजली' अशा ओळी पडू लागतात. 'पू' दीर्घ हवा, 'द्ध'मध्ये आधी 'द' आणि मग 'ध' हवा, हे खरे. पण तेवढ्यात आपल्यापैकी कुणीतरी खाली लिहिते, 'कृपया भावपूर्ण श्रद्धांजली असे लिहावे.' ज्या घरात माणूस गेला आहे, त्या घराला या दुरुस्तीचा काय उपयोग? आणि ज्याने ती ओळ लिहिली, तो पुढच्या वेळी बरोबर लिहील असे आपल्याला खरेच वाटते का? तो पुढच्या वेळी हात जोडल्याचे चित्र पाठवील. एक माणूस एक ओळ मराठी लिहीत होता, तीही गेली.

याहून वाईट प्रकार रोजच्या भांडणात दिसतो. वस्तीतली एखादी बाई लिहिते, 'चार दिवस झाले पानी नाही, टँकर कधी येनार?' उत्तर येते, 'पानी नव्हे, पाणी. येनार नव्हे, येणार.' चूक दुरुस्त होते, टँकर येत नाही. ज्याला मुद्द्याचे उत्तर द्यायचे नसते, त्याच्या हाती आपण हे आयते हत्यार दिले आहे. 'आधी नीट लिहायला शिका' हे वाक्य वर्गात शिक्षकाने म्हटले तर त्याला निदान काही अर्थ असतो. सभेत, तक्रारीच्या उत्तरात किंवा वादात ते म्हटले, की त्याचा अर्थ एकच उरतो: तुम्ही बोलू नका. ती बाई पुन्हा लिहीत नाही, आणि उत्तर देणाऱ्याला तेच हवे असते.

शिवाय सगळ्या चुका अज्ञानाच्या नसतात. 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' यांतला 'ऱ्य' कित्येक फोनच्या कळफलकांवर चटकन सापडत नाही. 'र'ला 'य' जोडला की 'र्य' उमटतो आणि 'दुसर्या' असा शब्द तयार होतो. सूचनापट्टीत जो शब्द आधी दिसेल त्यावर अंगठा पडतो, आणि ती पट्टी व्याकरण शिकलेली नसते. बसच्या दांडीला एका हाताने लटकून दुसऱ्या हाताने निरोप लिहिणाऱ्याला आपण परीक्षार्थी समजता.

दुसरी तक्रार: आपल्याला नियम पाठ असतात, पण ते कुठून आले हे आपण विसरता. आपण ज्यांची शपथ घेता, ते नियम मराठी साहित्य महामंडळाने केले. त्यांपैकी चौदा राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली, असे अठरा. त्याआधीचा शिकलासवरलेला माणूस 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'घरांत' असे लिहीत होता आणि तेच बरोबर होते. हे न उच्चारले जाणारे अनुस्वार एका निर्णयाने गेले. बरेच झाले, मुलांच्या मानेवरचे एक ओझे उतरले. पण म्हणजे काल जो विद्वान होता, तो आज अशुद्ध ठरला. लेखनाचे नियम वाहने डावीकडून चालवण्यासारखे असतात: डाव्या बाजूत काही पुण्य नाही, पण सगळ्यांनी एकच बाजू धरली की अपघात टळतात. नियम पाळण्याला एवढे कारण पुरेसे आहे. त्यासाठी उजवीकडून येणाऱ्याला मूर्ख म्हणायची गरज नाही.

आपल्या सर्वांत लाडक्या चुकीचेच पाहा. 'आणी' दिसले की आपण कपाळाला हात लावता. पण नियम काय सांगतो? मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा: पाटी, जादू, पैलू, संस्कृतातून आलेले कवी, गती, बुद्धी, गुरूसुद्धा. मग 'आणि' आणि 'नि' या दोन अव्ययांचा अपवाद वेगळा सांगितलेला आहे. म्हणजे 'आणी' लिहिणाऱ्याने मुख्य नियम अचूक पाळलेला असतो. त्याला ठाऊक नसतो तो अपवाद. ज्याला आपण अडाणी म्हणता, तो आपल्याहून जास्त नियमनिष्ठ निघतो!

आता शब्दाच्या आतल्या वेलांट्या आणि उकार घ्या. 'गरीब' दीर्घ, पण 'गरिबाला' ऱ्हस्व. 'शरीर' दीर्घ आणि 'शरीराला'ही दीर्घच. का? शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आला, गरीब अरबीतून आला. 'खूण', 'चूक', 'ऊन' दीर्घ. 'गुण' ऱ्हस्व, कारण तोही संस्कृत. बोलताना 'गुण' आणि 'खूण' कानाला सारखेच लागतात. म्हणजे मराठी बरोबर लिहायला मराठी येऊन भागत नाही. कुठला शब्द कुठून आला, याची यादी डोक्यात लागते. ज्याच्या घरात संस्कृताचा वावर होता किंवा ज्याने शाळेत संस्कृत घेतले, त्याला ही यादी आपोआप मिळते. इतरांना ती एकेक शब्द करून पाठ करावी लागते. हा नियम बदला असे मी म्हणत नाही. तो वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना जाणती माणसे आहेत. मी एवढेच म्हणते, की ज्या परीक्षेत काही मुलांना प्रश्नपत्रिका आधीच घरी मिळालेली असते, तिच्या निकालावरून कुणाची अक्कल ठरवू नका.

तिसरी तक्रार बोलींची. वरच्या बाईच्या 'पानी'कडे पुन्हा पाहा. वऱ्हाडात 'ण'च्या जागी 'न' येतो, तो कुठेतरी चुकून येत नाही: पानी, लोनी, कोन, सगळीकडे येतो. तिथे 'शाळा'ची 'शाया' होते, 'काळा'चा 'काया' होतो. ही बेशिस्त नव्हे, शिस्तच आहे. फक्त पुस्तकातली नव्हे. नागपूरकडचा 'येऊन राहिला', वऱ्हाडातला 'मले', मालवणीतला 'माका' यांना आपापले व्याकरण आहे, आणि ते बोलणारा माणूस त्यात चुकत नाही.

आणि व्याकरण म्हणजे काय, हे आपणच विसरलो आहोत. 'त्यानं आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं.' इथे खाणारा एकच, पण क्रियापद खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग प्रौढपणी मराठी शिकणाऱ्यांना घाम फोडतो. शाळेचे तोंड न पाहिलेले चार वर्षांचे पोर तो बिनचूक वापरते. ज्या माणसाला आपण 'याला व्याकरण येत नाही' असे म्हणता, त्याला ते येतेच. त्याशिवाय तो आपल्याला कळेल असे एकही वाक्य बोलू शकला नसता. त्याला येत नाही ती छापील मराठीची लेखनपद्धत. ती शिकता येते, शिकवताही येते. पण 'तुझी भाषाच अशुद्ध आहे' असे ऐकलेला माणूस शिकायला बसत नाही.

हे आजचेही नाही. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ साली निघाली. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली, आणि शास्त्रीबोवांनी फुल्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची भरपूर खिल्ली उडवली. भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते, यात शंका नाही. पण फुले विचारत होते तो प्रश्न जमिनीचा, शिक्षणाचा आणि माणसाच्या किमतीचा होता. उत्तर मिळाले ते भाषेचे. दीडशे वर्षांनंतर कोणता प्रश्न उरला आणि कोणते उत्तर विरले, हे मी सांगायला नको. महामंडळाच्या नियमांत जुने साहित्य कसे छापावे याचाही एक नियम आहे: चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, त्यांच्यापासून पुढचे नव्या नियमांप्रमाणे. त्याचा शब्दशः अर्थ लावला तर 'गुलामगिरी' जशी लिहिली तशीच छापायची. ज्या पुस्तकाच्या भाषेला हसले गेले, तिला हात लावायचा नाही. हसणाऱ्याची भाषा मात्र सुधारून घ्यायची!

चौथी तक्रार माझ्या धंद्याची आहे, म्हणून जरा सविस्तर. वेलांटी म्हणजेच व्याकरण, असा आपला समज आहे. त्यामुळे जिथे चूक खरोखर महाग पडते, तिथे आपले लक्षच नसते. आणि 'भावना पोचल्या म्हणजे झाले' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायची जागाही हीच.

एखाद्या जबाबात वाक्य असते, 'फिर्यादीने आरोपीला त्याच्या दुकानात पाहिले.' कुणाच्या दुकानात? फिर्यादीच्या की आरोपीच्या? एकाच्या दुकानात आरोपी गिऱ्हाईक होता, दुसऱ्याच्या दुकानात मालक. मराठीने यावर उपाय शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवला आहे: कर्त्याचे असेल तर 'आपल्या', दुसऱ्याचे असेल तर 'त्याच्या'. किती भाषांना ही सोय नाही! पण इंग्रजीतून उतरवलेल्या मराठीत 'आपला' हळूहळू मरत चालला आहे. 'सुरेशने त्याच्या बायकोला फोन केला' हे वाक्य आता वर्तमानपत्रातही खपून जाते. त्यात वेलांटी चुकलेली नसते, म्हणून आपण गप्प बसता. आणि एवढ्या एका वाक्यात सुरेशच्या संसारावर संशय येऊ शकतो.

गृहनिर्माण संस्थेचा ठराव घ्या. 'सदस्याच्या लेखी संमतीने गच्चीवर बांधकाम करता येईल' आणि 'सदस्यांच्या लेखी संमतीने गच्चीवर बांधकाम करता येईल.' फरक एका टिंबाचा. पहिल्या वाक्यात एकाची सही पुरते, दुसऱ्यात साऱ्यांना विचारावे लागते. ज्यांना अनुस्वार म्हणजे विद्वानांचे चोचले वाटतात, त्यांनी आपली गच्ची पणाला लावून पाहावी.

तिसरे उदाहरण अनुदानाचे. 'अल्पभूधारक शेतकरी व शेतमजूर महिलांना लाभ मिळेल' असे कुणी लिहिले, तर पुरुष शेतकऱ्याने अर्ज करायचा की नाही? मजूर बाईकडे थोडी जमीन असावी लागते की नाही? या वाक्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. चूक रचनेची आहे, आणि ती सुटली नाही तर खिडकीमागचा माणूस आपल्या मर्जीने अर्थ लावील. व्याकरणाचा खरा उपयोग हा आहे: लिहिणारा समोर नसताना वाचणाऱ्याला एकच अर्थ मिळावा. बोलताना माणूस विचारू शकतो, 'म्हणजे काय हो?' कागदाला विचारता येत नाही. म्हणून कागदावर भावना पोचून भागत नाही. शिवाय एकच नोटीस राजापूरचा माणूस वाचतो आणि गोंदियाचाही वाचतो, बेळगावचा आणि बडोद्याचाही. त्या सगळ्यांना चालेल अशी एक लेखनपद्धत लागते, आणि ती राखणे हे काम आहे. मी ते काम करते, आणि ते कमी प्रतीचे आहे असे मला कधी वाटलेले नाही.

पाचवी तक्रार सर्वांत मोठी. ज्यांच्याकडे हा आग्रह धरायचा, त्यांच्यासमोर आपला आवाज निघत नाही.

कुठल्याही कार्यालयात जा, अर्जाच्या विषयात लिहायला सांगतात, 'दाखला मिळणेबाबत'. खाली 'कार्यवाही करणेकामी', 'सादर करणेसाठी'. आता १९६२ चेच नियम काढा. 'करणे', 'मिळणे' अशा एकारान्त नामांना प्रत्यय लावताना 'करण्या', 'मिळण्या' असे सामान्यरूप करावे, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे: करण्यासाठी, मिळण्याबाबत. हा नियम शासनाने स्वतः स्वीकारलेला आहे, आणि शासनाच्याच कचेऱ्यांत तो रोज मोडला जातो. एवढेच नव्हे, 'मिळण्याबाबत' लिहिले तर अर्ज कच्चा वाटेल, अशी भीती लोकांच्या मनात बसली आहे. वडापावच्या गाडीवरच्या पाटीचा फोटो काढून आपण गटागटांत फिरवता. 'मिळणेबाबत'चा फोटो काढलेला मी अजून पाहिला नाही.

वाक्यरचनेकडे वळू. 'उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल.' वेलांट्या ठीक, अनुस्वार ठीक. फक्त या वाक्यात माणूस नाही. कोण कळवतो, कोण कार्यवाही करणार, कधी करणार? कर्ता गायब झाला की जबाबदारीही गायब होते, आणि हा योगायोग नसतो. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहारासाठी कोश केले, परिभाषा घडवली. ते काम मोठे आहे. पण परिभाषा ही माणसाला समजण्यासाठी असते, त्याला दाराबाहेर उभे करण्यासाठी नसते. टँकरवाल्या बाईच्या वाक्यात 'कधी येनार' हा प्रश्न तरी होता. तिला मिळालेल्या शुद्ध सरकारी उत्तरात तारीखच नसते. सांगा, या दोघांत मराठी कुणाला येते?

तिसरी गोष्ट नावांची. सातबाऱ्यावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. इंग्रजी स्पेलिंगवरून यंत्राने लिप्यंतर केले, की 'साठे'चे 'साथे' होतात आणि 'पाटील'चे 'पाटिल'. ही चूक नागरिकाची नसते. पण प्रतिज्ञापत्र त्याने करायचे, हेलपाटे त्याने घालायचे, वेळ आली तर राजपत्रात नाव त्याने छापून आणायचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे, की लिहिणाऱ्याच्या हातून चूक होते आणि तिची किंमत दुसराच मोजतो. इथे एका अक्षरामुळे वारसाचा हक्क अडतो, कर्ज अडते, पीकविमा अडतो. शुद्धलेखनाचा आग्रह धरायला याहून चांगली जागा कोणती?

'ध'चा 'मा' केल्याची दंतकथा आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा मजकूर होता, त्याचे 'मारावे' झाले, अशी ती गोष्ट. ती खरी असो वा नसो, लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. ती वाण्याच्या पाटीची गोष्ट नाही. ती अधिकाराच्या कागदाची गोष्ट आहे. कुणाच्या अक्षरावर नजर ठेवायची, हे लोकांना बरोबर कळले होते.

सहावी आणि शेवटची तक्रार: आपल्या धाकाने मराठी लिहिणारे कमी होत आहेत. शाळेतले मूल 'चुकेल' म्हणून अवघड शब्द टाळते, दहा ओळींच्या जागी चार ओळी लिहिते, आणि लाल शाईतून वाचते. त्याच्या मनात सांगण्यासारखे काय होते, हे त्याला कुणी विचारत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेली तरुण मुले घरच्यांना मराठीतच निरोप लिहितात, पण रोमन अक्षरांत. कारण विचारले तर माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी एकच सांगितले: देवनागरीत लिहिले की काका चुका काढतात. रोमन लिपीत पहिली-दुसरी वेलांटी नसते, पहिला-दुसरा उकार नसतो, 'न' आणि 'ण' एकाच अक्षरात मावतात. तिथे कुणी चूक काढू शकत नाही. आपण वेलांटी वाचवायला निघालो आणि लिपीच हातची जाऊ लागली. भीक नको पण कुत्रा आवर, अशी या मुलांची गत झाली आहे.

याउलट ज्यांनी या विषयाला जन्म वाहिला, त्यांची रीत पाहा. यास्मिन शेख २०२५ साली शंभर वर्षांच्या झाल्या. बेने इस्रायली घरात जन्मलेल्या या बाईंनी आयुष्यभर मराठीचे व्याकरण शिकवले आणि 'मराठी शब्दलेखनकोश' करून दिला. शुद्ध मराठी ही अमुक एका घराची मिरास आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे एक नाव लक्षात ठेवावे. अरुण फडके यांनी 'मराठी लेखन-कोश' तर केलाच, शिवाय 'शुद्धलेखन ठेवा खिशात' नावाचे छोटे पुस्तक काढले. शब्द अडला की काढायचे, पाहायचे, पुन्हा खिशात टाकायचे. ही माणसे नियमांच्या बाबतीत आपल्याहून कितीतरी कडक. पण त्यांनी लिहिणाऱ्याच्या हाती साधन दिले. आपण त्याला फक्त चूक दाखवतो आणि पुढे जातो.

तक्रारी झाल्या. आता विनंत्या.

एक. जो माणूस स्वतःच्या गरजेसाठी, दुःखासाठी किंवा आनंदासाठी लिहितो आहे, त्याला मागितल्याशिवाय दुरुस्ती देऊ नका. दिलीच तर एकट्याला गाठून द्या, चारचौघांत नको. आणि आधी त्याच्या मजकुराला उत्तर द्या.

दोन. चूक दाखवायची तर कारणासकट दाखवा. 'आणी चूक' एवढे म्हणण्यापेक्षा 'शेवटचा इकार दीर्घच असतो, हा एक अपवाद आहे' असे सांगितलेत, तर त्या माणसाला निदान कळेल की आपली गाडी बरोबर रस्त्यावर होती. ज्याचे कारण आपल्याला सांगता येत नाही, ती दुरुस्ती करण्याआधी कोश उघडा. कित्येकदा तिथे आपल्यालाच धडा मिळेल.

तीन. बोली आणि प्रमाण यांत खालचे-वरचे करू नका. मुलाला सांगा, 'तू घरी बोलतोस ते मराठीच आहे. परीक्षेत, अर्जात, पुस्तकात आपण असे लिहितो, म्हणजे सगळ्यांना वाचता येते.' दोन्ही येणारे मूल श्रीमंत असते. एकाची लाज वाटून दुसरे शिकलेले मूल आयुष्यभर अवघडून लिहिते.

चार. ज्यांना लिहिण्याचे पैसे मिळतात, त्यांना सूट देऊ नका. वर्तमानपत्रे, वाहिन्यांच्या पट्ट्या, पाठ्यपुस्तके, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे मराठी अर्ज, शासनाचे निर्णय आणि माझ्यासारखे मुद्रितशोधक, या सगळ्यांकडे कडक नजरेने पाहा. आणि पाहताना वेलांटीवर थांबू नका. कर्ता कुठे आहे, 'त्याच्या' म्हणजे कुणाच्या, विशेषण कुणाला लागते, अनुस्वार एकाचा की अनेकांचा, हे विचारा. प्रकाशकांनाही विचारा, की मुद्रितशोधनाला किती वेळ आणि किती मोबदला देता. पुस्तकातल्या चुकांवर हळहळणारे पुष्कळ असतात. संहिता आज देऊन उद्या मागणाऱ्याला जाब विचारणारा कुणी नसतो.

पाच. दर वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, आपला उत्साह ओसंडून वाहतो. त्या दिवशी एक काम करा. आपल्या तालुक्याच्या, नगरपालिकेच्या किंवा बँकेच्या शाखेचा एक छापील मराठी अर्ज घ्या. तो वाचून ज्याला भरता येणार नाही अशा माणसाशेजारी बसून तो वाचा. जिथे तो अडेल तिथे खूण करा. मग सगळा अर्ज सोप्या, बिनचूक मराठीत पुन्हा लिहून त्या कार्यालयाच्या प्रमुखाला पोच घेऊन द्या, आणि महिन्याभराने काय झाले ते विचारायला जा. आपल्याकडे वेळ आहे, ज्ञान आहे, चिकाटी आहे. श्रद्धांजलीखाली दुरुस्ती लिहिण्यात ती आजवर वाया गेली. एका तालुक्याचा एक अर्ज जरी बदलला, तरी तो भरणाऱ्या हजारो लोकांचे मराठी आपण एकाच वेळी सुधारलेले असेल, आणि त्यांच्यापैकी एकालाही न दुखावता.

अर्ज लिहिताना विषयाच्या जागी 'मिळण्याबाबत' असेच लिहा. कुणी हरकत घेतली तर १९६२ चा नियम दाखवा. तेवढ्यासाठी तरी तो पाठ असलेला बरा.

अधिकउणे लिहिले असेल तर क्षमा असावी. या पत्रात चुका सापडल्या, तर त्या मला अवश्य कळवाव्यात, चारचौघांतसुद्धा. मला त्याचेच पैसे मिळतात.



आपली,
एक मुद्रितशोधक